पंचगंगेची पातळी सांगणारा चॅटबॉट आणि शेल खात्यावरील जागेचा हिशोब

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर हे नाव ऊस, साखर आणि दूध यांच्याशी जोडलेले आहे. संगणकाच्या इतिहासातही या गावाचे एक पान आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १९९८ साली वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्याने हाती घेण्यात आला. गावोगावी संगणककेंद्रे उभी राहिली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तेथे येऊन पाहणी केली, तेव्हा त्यांना असे आढळले की, या संगणकांचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या नोंदींपुरताच होत आहे. मग एवढेच काम साध्या मोबाईल फोनवरून होणार नाही का, असा प्रश्न पुढे आला. त्यासाठी ७ गावांत ८ महिने एक प्रयोग करण्यात आला व त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. ठरावीक रीतीने लिहिलेला एसएमएस यायचा, संगणकावरील प्रोग्राम तो वाचायचा, नोंदींतून उत्तर शोधायचा आणि उलट एसएमएस पाठवायचा. जुन्या व्यवस्थेचे सारे काम या नव्या व्यवस्थेने केले, तेही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ती अधिक पसंत पडली.

आज ज्याला आपण चॅटबॉट म्हणतो, त्याचेच हे साधे रूप होय. माणसाने लिहून विचारावे आणि प्रोग्रामने लिहून सांगावे, एवढाच त्याचा व्यवहार. आपल्या धर्मग्रामांतील संगणक शिकणारी मुले-मुली अशा प्रकारचे प्रोग्राम हौसेने तयार करतात. अडचण येते ती पुढे. हा प्रोग्राम रात्रंदिवस चालू ठेवायचा कोठे आणि त्याला डिस्कवर किती जागा लागेल? जागा विकत घ्यावी लागते, म्हणून हा प्रश्न पैशाचा आहे. आणि ऐन गरजेच्या वेळी जागा संपली तर काय होते, हे पाहिले म्हणजे तो केवळ पैशाचा राहत नाही.

वारणेच्या उदाहरणातच पहिला धडा आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, मग तो रोमन लिपीतील १६० अक्षरांचा असो वा देवनागरीतील ७० चिन्हांचा. असे एक लाख संदेश जसेच्या तसे साठवले, तरी १ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे १४ मेगाबाइट भरतात. एका साध्या गाण्याच्या ध्वनिफितीच्या तीन-चारपट जागेत एक लाख प्रश्न! तेव्हा संदेशांना जागा फार लागते, ही सर्वसाधारण समजूत खरी नाही. जागा खाणारे दुसरेच कोणी असते.

शेल खाते म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, त्या काळात दोन प्रकारची खाती मिळत. महागड्या खात्यावर चित्रे दिसत. स्वस्त शेल खात्यावर पडद्यावर केवळ अक्षरे उमटत. ग्राहकाचा संगणक येथे नुसती खिडकी असे. खरे काम निगमाच्या दूरच्या संगणकावर चाले, आणि त्या संगणकावर शेकडो ग्राहकांना आपापला एक कोपरा दिलेला असे. ती सेवा आता इतिहासजमा झाली आहे. निगमही २००२ साली टाटा समूहाकडे गेला व २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स या नावाने ओळखला जाऊ लागला. परंतु शेल खाते ही कल्पना टिकून राहिली. अमेरिकेत १९८७ पासून चालू असलेली एसडीएफ ही संस्था आजही अशी खाती देते आणि अनेक लहान कंपन्या ती अल्प दरात भाड्याने देतात. वाड्यातील बिऱ्हाडासारखी ही व्यवस्था आहे. पाणी, वीज, अंगण सर्वांचे. खोली मात्र तुमची आणि तिची भिंत ठरलेली. या भिंतीलाच कोटा म्हणतात.

गप्पांचे प्रोग्राम अशा खोलीत फार पूर्वीपासून राहत आले आहेत. १९८८ साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही लेखी गप्पांची पद्धत तयार केली आणि १९९३ साली रोबी पॉइंटर यांनी तिच्यासाठी एगड्रॉप हा प्रोग्राम लिहायला घेतला. गप्पांच्या खोलीवर पहारा ठेवणे, ओळखीच्या माणसाला आत घेणे, दंगेखोराला बाहेर काढणे ही त्याची कामे. सदर प्रोग्राम आजही वापरात आहे. तो काही मेगाबाइटांत बसतो, म्हणूनच तो शेल खात्यांचा आवडता रहिवासी झाला. जुन्या काळी खाते देणारे लोक जागेइतकीच, किंबहुना जागेहून अधिक, मर्यादा एकाच वेळी किती प्रोग्राम चालवता येतील यावर घालत असत.

आता आपल्या भागातील एक उदाहरण घेऊन हिशोब मांडू. कोल्हापूरकरांना पावसाळ्यात रोज एकच आकडा हवा असतो, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५० फुटांच्याही पुढे गेले होते, हे शिरोळ, करवीर, प्रयाग चिखली आणि आंबेवाडी येथील कुटुंबांना वेगळे सांगायला नको. समजा, नदीकाठच्या एखाद्या गावातील तरुणांनी असा चॅटबॉट तयार केला की, कोणीही ‘पातळी किती?’ किंवा ‘राधानगरीचे दरवाजे उघडले का?’ असे विचारावे आणि त्याने प्रशासनाने जाहीर केलेली ताजी नोंद सांगावी. गावातील ४०० कुटुंबे त्याला जोडलेली आहेत. खात्याचा कोटा २५० मेगाबाइट आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे. (आणि असा प्रोग्राम प्रशासनाच्या सूचनेची जागा घेऊ शकत नाही, एवढे आरंभीच ध्यानात ठेवावे.)

प्रथम प्रोग्रामची स्वतःची जागा. मुलांनी लिहिलेला मजकूर म्हणाल, तर तो फारतर ५०-६० किलोबाइट भरेल. परंतु आजकाल बहुतेक जण पायथन किंवा नोड वापरतात आणि त्यांच्याबरोबर इतरांनी लिहिलेली आयती साधने आणावी लागतात. पायथनचे रिकामे स्वतंत्र वातावरण उभे केले, तरी १०-२० मेगाबाइट जातात. त्यात चार-पाच साधने घातली की आकडा सहज ९०-१०० वर पोहोचतो. शिवाय ही साधने उतरवून घेताना त्यांची एक प्रत मागे लपून राहते. नाव बिंदूने सुरू होणाऱ्या एका फोल्डरात ती असते, म्हणून सहसा दिसत नाही. आपण तिच्यासाठी ४० मेगाबाइट धरू. ती पुसून टाकली तरी प्रोग्रामला काही होत नाही.

येथे फाईलींच्या संख्येचाही विचार करावा लागतो. डिस्क जागा देते ती ठोकळ्यांनी. लिनक्सवर हा ठोकळा साधारणपणे ४ किलोबाइटांचा असतो. १५० बाइटांची चिठ्ठी असली, तरी तिला संपूर्ण ठोकळा मिळतो. प्रत्येक कुटुंबाची माहिती वेगळ्या फाईलीत ठेवली, तर ४०० कुटुंबांची ६० किलोबाइटांची माहिती १,६०० किलोबाइट जागा अडवते. हा तोटा लहान आहे. पण नोडची आयती साधने हजारो बारीक फाईली घेऊन येतात, तेव्हा तो लहान राहत नाही. काही ठिकाणी तर जागा शिल्लक असतानाही फाईलींच्या संख्येची मर्यादा संपून काम अडते.

दुसरी बाब आपल्या लिपीची, आणि ही बाब इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या मुलांच्या हिशोबातून हमखास सुटते. सध्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. आणि चिन्ह म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सारे वेगवेगळे मोजले जाते. ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचताना आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाला त्यात क, ओकार, ल, पायमोडीची खूण, ह, काना, प, ऊकार आणि र अशी ९ चिन्हे दिसतात, म्हणजेच २७ बाइट. रोमन लिपीत हेच नाव ८ बाइटांत बसते. पायथनमध्ये जेसन या पद्धतीने नोंद लिहिताना विशेष सूचना दिली नाही, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक सहा रोमन अक्षरांत लिहिला जातो आणि २७ चे ५४ बाइट होतात. सूचना एका शब्दाची आहे, ती दिली की जागा निम्मी होते. देवनागरी महाग आहे म्हणून मराठी रोमन लिपीत लिहावी, असा सल्ला काही जण देतात. तो मानण्याचे काहीच कारण नाही, कारण पुढील हिशोबावरून दिसेल की, बचत करण्याची जागा ती नव्हेच.

तिसरी बाब नोंदींची. पातळीची नोंद दर तासाला एक घेतली आणि प्रत्येक नोंदीला ६० बाइट धरले, तर वर्षाच्या ८,७६० नोंदी सव्वापाच लाख बाइटांत, म्हणजे अर्ध्या मेगाबाइटात बसतात. दहा वर्षांची नदी ५ मेगाबाइटांत! चॅटबॉटची खरी माहिती एवढीच आहे.

मात्र प्रत्येक प्रोग्राम आपली एक रोजनिशी लिहितो. तिला लॉग म्हणतात. कोणी, केव्हा, काय विचारले आणि काय उत्तर दिले, हे त्यात जाते. वेळेला २० बाइट, विचारणाऱ्याच्या क्रमांकाला १०, ३० चिन्हांच्या प्रश्नाला ९०, १२० चिन्हांच्या उत्तराला ३६० आणि किरकोळ २०, अशी बेरीज ५०० होते. साध्या दिवशी २०० प्रश्न आले, तर रोजचे १०० किलोबाइट आणि वर्षाचे साडेछत्तीस मेगाबाइट. येथवर सारे ठीक आहे. बहुतेक जण हिशोब येथेच थांबवतात.

परंतु पूर साध्या दिवसांच्या सरासरीने येत नाही. पाणी ३९ फुटांवर चढू लागले की, माणसे तासातासाला विचारू लागतात. पुण्या-मुंबईस असलेली मुले, गोव्यात दिलेल्या लेकी, सारे विचारू लागतात. एका कुटुंबामागे दिवसाला ३० प्रश्न धरले, तर १२,००० प्रश्न आणि ६ मेगाबाइट होतात. अशा दहा दिवसांत ६० मेगाबाइट. म्हणजे पुराचे दहा दिवस उरलेल्या संपूर्ण वर्षापेक्षा जास्त जागा घेतात. ज्या प्रोग्रामची गरज संकटातच पडते, त्याच्या जागेचा अंदाज संकटाच्या दिवसावरूनच बांधला पाहिजे. बंधारा बांधताना वर्षाच्या सरासरी पाण्याचा विचार कोणी करत नाही.

याहून मोठा धोका चुकांच्या नोंदवहीचा आहे. पातळीचा आकडा ज्या ठिकाणाहून घ्यायचा, ते ठिकाण गर्दीमुळे किंवा वीज गेल्यामुळे उघडत नाही, असे पुरात होऊ शकते. मग प्रोग्राम पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक सेकंदाला प्रयत्न करण्याची आणि प्रत्येक अपयशाची सविस्तर तक्रार लिहून ठेवण्याची त्याला सवय असेल, व ती तक्रार दोन हजार बाइटांची असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १७२ मेगाबाइटांहून अधिक मजकूर तयार होतो. एकही माणूस काही बोललेला नसतो, एकही उत्तर गेलेले नसते, आणि खाते भरत आलेले असते.

आता बेरीज करू. वातावरणाचे १००, मागे राहिलेल्या प्रतींचे ४०, पातळीच्या नोंदींचे अर्धा, वर्षभराच्या रोजनिशीचे साडेछत्तीस आणि पुराच्या दहा दिवसांचे ६० मिळून २३७ मेगाबाइट होतात. २५० च्या कोट्यात हे जेमतेम बसते. त्यात चुकांची नोंदवही मोकाट सुटली, तर उरलेले १३ मेगाबाइट संपायला दोन तासही लागत नाहीत.

जागा संपली म्हणजे चॅटबॉट बंद पडतो, असे वाटेल. तसे झाले असते तर एका अर्थी बरे, कारण बंद पडलेले लगेच लक्षात येते. प्रत्यक्षात चालू असलेला प्रोग्राम संगणकाच्या स्मृतीत असतो, डिस्क भरली म्हणून तो मरतोच असे नाही. तो उत्तरे देत राहू शकतो, मात्र नवी पातळी लिहून ठेवू शकत नाही. सायंकाळी विचारणाऱ्याला तो सकाळचाच आकडा सांगेल, तोही त्याच आत्मविश्वासाने. पाणी दर तासाला चढत असताना सकाळचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा. म्हणून प्रत्येक उत्तरात नोंदीची वेळ लिहिलीच पाहिजे, हा नियम मी जागेच्या हिशोबाइतकाच महत्त्वाचा मानतो.

आणखी एक घात याच वेळी होतो. जोडलेल्या कुटुंबांची यादी प्रोग्राम वेळोवेळी नव्याने लिहितो. फाईल लिहायला उघडली की जुना मजकूर आधी पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. मध्येच कोटा संपला, तर जुने गेलेले आणि नवे न आलेले, अशी शून्य बाइटांची फाईल उरते आणि ४०० कुटुंबांची यादी नाहीशी होते. यावर उपाय जुना व साधा आहे. नवी यादी आधी वेगळ्या नावाने लिहावी, ती पूर्ण लिहिली गेल्याची खात्री करावी आणि मगच नाव बदलून जुन्या फाईलीच्या जागी बसवावी. त्यासाठी यादीच्या एका प्रतीइतकी जागा सदैव मोकळी हवी. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी याहून अधिक मोकळी जागा राखावी; त्यातील माहिती आवरून लहान करण्याच्या कामाला मूळ फाईलीच्या दुपटीपर्यंत जागा लागू शकते. थोडक्यात, घर आवरायलाही अंगण लागते.

अधिक जागा विकत घेणे हा झाला एक मार्ग. त्याआधी रोजनिशीत काय लिहायचे, याचा विचार करावा. संपूर्ण प्रश्न व संपूर्ण उत्तर लिहून ठेवण्याची गरज काय? उत्तर तर पातळीच्या नोंदींवरून पुन्हा तयार करता येते. वेळ आणि प्रश्नाचा प्रकार एवढेच लिहिले, तर ५०० ऐवजी ३० बाइट पुरतात. मग वर्षाचे साडेछत्तीस मेगाबाइट सव्वादोनवर येतात आणि पुराच्या दहा दिवसांचे ६० मेगाबाइट ३.६ वर. देवनागरी सोडून जे साधले नसते, ते अनावश्यक लिखाण सोडून साधले. चुकांच्या नोंदवहीला आकाराची मर्यादा घालावी. ती १ मेगाबाइट झाली की नवी सुरू व्हावी आणि जुन्यांपैकी तीनच राहाव्यात, अशी सोय बहुतेक भाषांत तयारच असते. फसलेला प्रयत्न दर सेकंदाला न करता आधी एक, मग दोन, मग चार सेकंदांनी, असे अंतर वाढवत न्यावे. लपलेल्या प्रती पुसल्या, तर आपल्या उदाहरणातील एकूण गरज ११० मेगाबाइटांच्या आसपास येते आणि निम्म्याहून अधिक कोटा मोकळा राहतो.

कमी लिहिण्यात केवळ जागेचा लाभ नाही. पुराच्या रात्री माणूस फक्त पातळी विचारत नाही. ‘आई आजारी आहे, बोट कधी येईल?’ असेही तो लिहितो. कोणाच्या घरी कोण एकटे आहे, कोणाचे दार बंद आहे, हे त्या रोजनिशीत साठत जाते, आणि ती रोजनिशी शेकडो अनोळखी लोकांच्या सामायिक संगणकावर पडून असते. भारतात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. कायदा नसता तरी, शेजाऱ्याचे दुःख कामापुरते ऐकावे आणि वहीत लिहून ठेवू नये, ही रीत आपल्याकडे आहेच.

काही तरुण विचारतील की, सध्याचे बुद्धिमान चॅटबॉट अशा खात्यावर ठेवता येतील काय? ७०० कोटी घटकांचे भाषेचे प्रारूप, प्रत्येक घटकाला २ बाइट धरले, तर १४ गिगाबाइट भरते. दाबून लहान केले तरी ४ च्या आसपास राहते. स्मृतीही तितकीच लागते. शेल खात्याच्या खोलीत हा हत्ती मावणार नाही. असे प्रोग्राम प्रश्न दूरच्या मोठ्या संगणकाकडे पाठवतात आणि स्वतः केवळ निरोप्याचे काम करतात. तेव्हा त्यांचाही जागेचा हिशोब वरीलप्रमाणेच होतो. पातळीचा एक आकडा सांगण्यासाठी मात्र त्यांची गरज मुळीच नाही. वारणेचे काम एसएमएसवर झाले होते.

राहिली मोजणी. ‘डीयू’ ही आज्ञा कोणत्या फोल्डराने किती जागा घेतली ते सांगते आणि ‘कोटा’ ही आज्ञा आपली मर्यादा दाखवते. ‘डीएफ’ संपूर्ण डिस्कचा आकडा देते. तो पाहून खूश होऊ नये, ती जागा वाड्यातील सर्वांची असते. कोट्याच्या दोन मर्यादा असतात. पहिली ओलांडली तर काही दिवसांची सवलत मिळते, बहुधा सात दिवसांची. दुसरी ओलांडताच येत नाही. पहिल्या मर्यादेपाशी प्रोग्रामनेच सांभाळणाऱ्यांना संदेश पाठवावा, अशी व्यवस्था दहा-बारा ओळींत होते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, एका सायंकाळी १२,००० खोटे प्रश्न विचारून पाहावेत, आकडा घ्यायचे ठिकाण मुद्दाम तासभर तोडून ठेवावे आणि आधीचा व नंतरचा ‘डीयू’चा आकडा कागदावर लिहावा. दोहोंतील फरक हाच आपल्या गावाचा खरा अंदाज.